ढोल वाजेपर्यंत

अजूनही शाळेत लाइट गेली की मी आधी लेकरं मोजते. कुणी बघून हसलं तर हसू दे.

किनवटकडच्या आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला मी ‘आवाजाची गोष्ट’ खेळवायचे. व्हरांड्यातल्या स्पीकरवर गोष्ट लागायची, मध्येच आवाज हुकूम सोडायचा आणि एक लेकरू तो तंतोतंत पाळायचं. पुढं कॉम्प्युटर शिकायचा तर आधी एकामागून एक पायरी कळली पाहिजे, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी नांदेडची, नवी नवी, उत्साह नुसता उतू चाललेला. त्यामुळं नियमही कडक: ऐकायचं ते फक्त स्पीकरचं. मधूनच मी स्वतः ‘थांब’ म्हणून फसवायचे. थांबला तो बाद.

त्या दिवशी सहा वर्षांची एक पोरगी ससा झाली होती. आदल्या दिवशी माझ्या हाकेला थांबून ती बाद झाली होती आणि शाळा सुटेपर्यंत रडली होती. आवाज म्हणाला, “ससा सरळ चालत राहील. ढोल वाजला की थांबेल.” ती निघाली आणि लाइट गेली.

मी फ्यूजचा बोर्ड बघायला आत गेले. पाचेक मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन बघते तर पोरगी नाही. मैदानाच्या टोकाला कुंपण पडलेलं, आणि पलीकडचं शेत ओलांडलं की रेल्वे.

मी पळत सुटले. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चढल्यावर दिसली ती, रुळाच्या दिशेनं नाकासमोर चाललेली. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.

“थांब गं! थांब!”

तिनं ऐकलं, तिची मान हललेली मला दिसली. पण ती थांबली नाही. का थांबत नाही ते माझ्या ध्यानात आलं. हे मीच शिकवलं होतं. छाती फुटेस्तोवर ओरडले, “ढम! ढम! ढम!”

ती जागच्या जागी उभी राहिली. रूळ दहा पावलांवर होता. मालगाडी धडधडत गेली, डबे काही संपेनात, आणि मी तिला पोटाशी धरून शेतातच बसले होते.

गाडी गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. “बाई, आज तुमच्या हाकंला न्हाई थांबले मी. बराबर केलं ना?”

“हाव,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला गाडीपेक्षा जास्त भीती वाटली.