पायजम्यावरची खडूची रेघ

"चाल पाहू द्या मास्तर. उभं जनावर सगळंच देखणं असते."

कोणत्याही शोरूममध्ये शिरल्यावर चाचांचं पहिलं वाक्य हे. नव्या गाडीच्या तोंडाकडे ते ढुंकूनही पाहायचे नाहीत. आधी मागं जायचे, डिकीवर एक थाप मारायचे आणि चटकन दोन पावलं बाजूला सरकायचे. लाथ बसायला नको म्हणून. आता संगमरवरी फरशीवर उभी असलेली गाडी लाथ कुठून मारणार? पण चाचांचा जन्म बैलांच्या मागं गेला होता, आणि सवय काही मालकाला विचारून सुटत नाही.

चांदूर बाजारचा बैलबाजार ज्यांनी भरात असताना पाहिला, त्यांना चाचा वेगळे सांगायला नकोत. उंच, काटक, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. बैलांचे दलाल. आवाज असा, की बाजारात त्यांनी "बोला!" म्हटलं की तिकडे मोर्शीच्या बागेत संत्री गळून पडायची. माझं ऐकून तुम्ही हसाल, पण मोर्शीच्या एका बागाइतदारानं त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा विचार केला होता, असं खुद्द चाचाच सांगायचे.

मग ती वर्षं आली. कपाशीनं माती केली, भाव बसले, सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात धजेना. बाजारात विकणारेच विकणारे, घेणारा कोणी नाही. चाचा रुमाल खांद्यावर टाकून दिवसभर कडुनिंबाखाली बसून राहत आणि संध्याकाळी घरी जात.

नेमक्या त्याच वर्षांत अमरावतीला आणि अकोल्याला काचेची शोरूम उगवली. गाड्या घेणारे कोण? डॉक्टर, कंत्राटदार आणि आम्ही मास्तर. चाचा म्हणायचे, "मास्तर लोकाइचं पीक दर महिन्याले येते, अन् त्याले पानी बी लागत नाई." आमच्या हेडमास्तरांनी गंमत म्हणून त्यांना एकदा गाडी बघायला सोबत नेलं, आणि गाडीसोबत सीटकव्हर, मॅट, छत्री आणि मॅनेजरच्या टेबलावरचं घड्याळ घेऊन ते परतले. घड्याळाचं मी पाहिलेलं नाही. पण त्यानंतर चाचांशिवाय गाडी घेणं म्हणजे भटजीशिवाय लग्न लावणं झालं. दलाली घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "बैलाची दलाली घेतो. डब्याची काय घ्याची?"

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. एक अमरावतीच्या शोरूममध्ये, एक अकोल्याच्या. दोन्ही लहान, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. एकीचे दिवे गोल, दुसरीचे लांबट. बस. मी दोन्हींची माहितीपत्रकं इतकी वाचली होती, की वर्गात पानिपतची लढाई शिकवताना अब्दालीच्या फौजेचं मायलेज सांगून बसलो. बायको रंगावर अडली होती, मी ॲव्हरेजवर. चाचांना बोलावलं तर ते आमच्याकडे लक्ष न देता अंगणात माझ्या आईसमोर जाऊन उकिडवे बसले.

"भाभी, गाडी कायच्यासाठी?"

आई म्हणाली, "अकोल्याले जाच्यासाठी. बहीण हाय माही. खाटेवर हाय."

एवढंच होतं ते, पण आम्ही मायलेजच्या नादात विसरून गेलो होतो. आईचे दोन्ही गुडघे गेले होते. एसटीच्या पायरीवरून एकदा पडल्यावर तिनं उंबरा सोडला नव्हता. भाड्याच्या जीपची पायरी कंबरेएवढी. उचलून बसवतो म्हटलं की कडाडायची, "पोत्यासारखी नेशीन मले? तशी मी येत नाई." तिकडे मावशी दिवसेंदिवस आटत चालली होती आणि फोनवर एकच विचारायची, "माय, कवा येतं?"

चाचा उठले. आईला आधी पाटावर बसवलं. उठता येईना. स्टुलावर बसवलं, बसताना धडपडली. मग बाजेवर, मग लोखंडी पेटीवर, मग माझ्या टेबलावर बसवतात की काय असं वाटू लागलं. पेटीवरून मात्र ती कुणाचा हात न धरता उठली. चाचांनी माझ्या खिशातला खडू काढला, पेटीला खेटून उभे राहिले आणि पेटीच्या उंचीवर स्वतःच्या पायजम्यावर आडवी रेघ ओढली.

"हे घ्या. झाली गाडी पसंत. आता फक्त कोनत्या दुकानात हाय ते पाहाचं."

अमरावतीच्या शोरूममध्ये हा माणूस पुढचं दार उघडून सीटला मांडी लावून उभा राहिला, तेव्हा टाय लावलेली सगळी पोरं गोळा झाली. सीट रेघेच्या बरीच खाली. "नाई उठनार," चाचा म्हणाले. तरी त्यांनी न्यायानं विचारलं, की गाडी चांदूर बाजारला पाठवता का, म्हातारीला बसून पाहायचं आहे. सेल्समन गोड हसला. "आजींनाच इथं घेऊन या ना, सर."

"बेटा," चाचा म्हणाले, "तिले इथं येता आलं असतं तं गाडी कायले घेतली असती?"

पुढच्या रविवारी अकोला. सीट बरोबर रेघेवर! मी आनंदानं चेकबुक काढलं, तर चाचांनी माझा हात दाबला. "रेघ हो म्हनते. गुडघा कुठी म्हनला अजून?" आणि ते मॅनेजरसमोर बसले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि मॅनेजरच्या उजव्या हातावर टाकून आपला हात आत घातला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात; बाहेरच्याला काही कळत नाही. त्या मॅनेजरला मात्र आतल्यालाही काही कळेना. आधी तो दचकला, मग लाजला, मग भविष्य सांगतायत असं समजून त्यानं हळूच विचारलं, "प्रमोशनचं काय दिसतं?" चाचांनी त्याची दोन बोटं दाबली. तो म्हणाला, "हो हो." तिसरं दाबलं. "हो हो, तेही देऊ." सौदा पटला. चाचा म्हणाले, "शर्त एकच. जुंपून पाहू."

"टेस्ट ड्राइव्ह घ्या ना! अगदी समाधान होईपर्यंत घ्या," मॅनेजर म्हणाला. हात सुटल्याच्या आनंदात माणूस काहीही म्हणतो.

आता आमच्याकडची रीत ऐका. बैल घेतला की तो बाजारात नाही, घरी नेऊन जुंपून पाहतात. आपल्या शिवारात, आपल्या जुवाखाली. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत आणून बांधायचा. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे चौकातून एक वळसा, हे चाचांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी स्टिअरिंगवर, चाचा शेजारी, मागं शोरूमचा सेल्समन. चौक आला. सेल्समन म्हणाला, "सर, इथून वळवा." चाचा म्हणाले, "पुढं." मी पुढं गेलो. तुम्ही त्या आवाजाशेजारी बसला असता तर तुम्हीही गेला असता.

बोरगाव मंजूला सेल्समन हसत होता. मूर्तिजापूरला त्याचं हसू गेलं. मोबाइल वाजला.

"सर, आम्ही मूर्तिजापूरला आहोत... नाही सर, मी चालवत नाही... नाही सर, मला कुणी बांधलेलं नाही."

चाचांनी फोन घेतला. "साहेब, फिकर करू नका. चाल एक नंबर हाय. तोंडाले फेस बी नाई आला." आणि फोन बंद कसा करतात हे माहीत नसल्यामुळे तो तसाच खिशात टाकला. बडनेऱ्यापर्यंत चाचांच्या खिशातून मॅनेजर ओरडत होता.

घाबरलेल्या सेल्समनला चाचांनी मागं वळून समजावलं, "बाबू, तुले कोनी पळवून नेऊन राहिलं नाई. तू गाडीसोबत आला. बैलासोबत दोरी येते का नाई? तसा." यानं त्याचं किती समाधान झालं देव जाणे.

दुपारी गाडी आमच्या दारात. गल्लीतल्या बायका, पोरं, सगळी गोळा. आई काठी टेकत आली. मी पुढं झालो तर चाचांनी दंड धरून मला मागं ओढलं. "हात नाई लावाचा. जनावर अन् मानूस, दोघाइले एकमेकाची ओळख करू दे."

आई पाठमोरी झाली. दार धरलं. टेकली. मग एक पाय, मग दुसरा. आत. आणि सगळ्या गल्लीत सेल्समनच सगळ्यात आधी ओरडला, "बसल्या! आजी बसल्या!" विसरलाच होता बिचारा, की त्याचं अपहरण झालं आहे.

"आता उतरून दाखवा भाभी," चाचा म्हणाले.

आई समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होती. "ही गाडी वापस कुठी जाते?"

"अकोल्याले."

"मंग उतरू कावून?"

बायकोनं भाकरी बांधून दिल्या, चाचांनी मॅनेजरसाठी संत्र्यांची एक थैली डिकीत टाकली आणि आम्ही जसे आलो तसे निघालो. सेल्समन आता आईला स्वतःहून एसीचं तोंड कसं वळवायचं ते शिकवत होता.

मावशीच्या दारात आई स्वतःच्या पायांनी उतरली. आत गेली. चाचा आत आले नाहीत, ओसरीवर बसले. ऊन कललं. सेल्समन घड्याळ पाहू लागला, शोरूम बंद होईल म्हणाला. चाचांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, आणि ज्या माणसाचा आवाज मोर्शीपर्यंत जायचा तो इतकं हळू बोलला, की मला कान द्यावा लागला.

"थांब बाबू. दोघी बहिनी बोलून राहिल्या. आपल्या नोकऱ्या होत राह्यतीन."

आतून मावशीचं हसणं ऐकू आलं. पुष्कळ महिन्यांनी ती हसली, असं तिची सून म्हणाली. त्यानंतर मावशी पोळ्यापर्यंतही राहिली नाही.

गाडी आम्ही तीच घेतली. मॅनेजर बोलत नव्हता, पण संत्री त्यानं ठेवून घेतली.

पुढं दोन-तीन हिवाळे गेले. मी नागपूरला पेपर तपासायला गेलो होतो. परत आलो तर दारात गाडी नाही, घरात आई नाही. बायको म्हणाली, "चाचा गेले. सकाळी कळलं. आईंनी शेजारच्या ड्रायव्हरला बोलावलं अन् निघाल्या. मलाही थांबल्या नाहीत."

मी स्कूटर काढली आणि गावाच्या त्या टोकाला गेलो. माती होऊन गेली होती. पुरुष मंडळी पांगली होती. गाडी भिंतीला लावून उभी होती. आता नवरा गेल्यावर चाची पडद्यात बसलेल्या, परक्या पुरुषानं त्यांच्यापुढं जायचं नसतं, म्हणून मी दाराबाहेरच थांबलो. पडद्याखाली आईच्या चपला दिसत होत्या, भिंतीला तिची काठी टेकवलेली.

मी हाक मारली. "आई, चलतेस?"

पडद्याआडून आईचा आवाज आला.

"तू जाय. चाची एकटी हाय. मी आज अठीच राह्यतो."