पॅड धुणारे ईश्वरराव

ईश्वरराव गजभिये थकले होते, आणि ते त्यांच्या मुलीला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला तर रोज दिसायचं, कारण सकाळी त्यांना गाडीतून कामावर मीच सोडायची. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या आमच्या वसाहतीला फुटपाथ आहे, पण तो फाटकापाशी येऊन संपतो. पुढे जायचं तर गवतातून जा नाहीतर गाड्यांखाली जा. गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला इथे अंगणापलीकडे जग नाही. मी सांगलीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण असला भूगोल कुठल्या पुस्तकात नव्हता. म्हणून इथे मुलाकडे राहायला आल्यावर त्याच्याच नाकावर टिच्चून मी साठीनंतर लायसन्स काढलं.

ईश्वरराव नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. बायको अंजना गेल्यावर मुलगी उपासना त्यांना इथे घेऊन आली. उपासना फार्मासिस्ट आहे, दिवसदिवस काउंटरमागे उभी असते. जावई सतत टूरवर. तेव्हा नात अनया लहान होती. तिला शाळेतून आणायचं, वरणभात भरवायचा, बागेत न्यायचं, असं आजोबांना भरपूर काम होतं. आता अनया मिडल स्कूलला गेली. घरी आली की "हाय आबा" म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते. तिचं काही चुकत नाही, त्या वयात सगळेच दार लावतात. पण दार लागल्यावर ईश्वररावांनी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

त्यातून ते शिवच्या दुकानात जाऊन पोचले. शिव इथेच जन्मलेला, मराठी आईबापांचा. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून त्याने कार डिटेलिंगचं दुकान काढलं, आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याचे आईवडील अजूनही "तो बिझनेसमध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलतात. यंत्राला स्पंजाचे गोल पॅड लावायचे, त्यावर पॉलिश घ्यायचं आणि गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढायचे, असं ते काम. एका गाडीला पुष्कळ पॅड लागतात. पॉलिश पॅडमध्ये वाळलं की तो खरखरीत होतो आणि ओरखडे काढायच्या ऐवजी नवे पाडतो. म्हणून रोज कुणाला तरी ते धुवावे लागतात. ते काम दुकानात कुणालाच नको असायचं. ईश्वरराव म्हणाले, मी धुतो.

मागच्या खोलीत सिंकपाशी त्यांचे दोन टब असत, एक कडक पॅडचा आणि एक मऊ पॅडचा. कोमट पाण्यात भिजवायचे, ब्रशने घासायचे, मग दोन्ही तळव्यांत धरून दाबायचे. पिळायचे नाहीत, फाटतात. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहायचं आणि मग जाळीवर पंख्याखाली वाळत घालायचे. दुपारी मी न्यायला गेले की ते सिंकला टेकून उभे असायचे. हात कोपरापर्यंत सुरकुतलेले, पाठ धनुष्यासारखी. गाडीत बसताना आधी एक पाय, मग हाताने उचलून दुसरा.

"ईश्वरराव, कशाला हे दुखणं विकत घेताय?" मी एकदा चिडून विचारलं. "पैशाला काही कमी आहे का?"

"पैशाचं नाही, रत्नाताई. तिथं गेलो की कोणी तरी म्हणतं, काका आले. घरी तेवढंही कोणी म्हणत नाही."

मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वापस जायचं आहे. नागपूरला. कायमचं."

"तिथे आता कोण आहे तुमचं?"

"धाकटा भाऊ आहे बाजूलाच. आणि सकाळी विहारात वंदनेला निघालो की वाटेत दहा लोक जय भीम करतात. कोणी चहाला थांबवतं. बस, अजून काय लागतं?"

"वंदना इथेही होते की."

"होते ना. महिन्यातून एकदा. आणि कोणी गाडीत घालून नेलं तर."

"मग उपासनाला सांगा ना!"

"सांगतो. आज सांगतो."

हे 'आज' दोन वर्षं चाललं. मी रोज विचारायची आणि ते रोज म्हणायचे, काल ती फार थकून आली हो. मला त्यांचा राग यायचा. उपासनाचाही यायचा, पण तिच्यावर फार वेळ रागावता येत नसे. अंजनाबाईंना अटॅक आला तेव्हा उपासना धावतपळत निघाली होती. ती विमानात असतानाच तिकडे आई गेली. उतरल्यावर फोन चालू केला आणि तिथेच तिला कळलं. बाबांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे तिने त्या दिवशीच ठरवून टाकलं. आता तिने त्यांच्या सिटिझनशिपचा अर्ज केला होता, जूनमध्ये इंटरव्ह्यू होता. दर रविवारी ती बापाला समोर बसवून त्या इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारायची आणि ते शाळकरी पोरासारखे उत्तरं द्यायचे. उत्तरं सगळी बरोबर असायची, हे सांगताना ते इतके उदास दिसायचे की मला हसावं का रडावं कळायचं नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी शिवच्या दुकानातली मोरी तुंबली. धुवायचे पॅड तर साठलेले. ईश्वरराव म्हणाले, घरी नेतो. मी म्हटलं, राहू द्या सोमवारपर्यंत, आभाळ कोसळणार नाही. ऐकतील तर शपथ. भली मोठी पिशवी घेऊन माझ्या गाडीत बसले.

घरी गेल्यावर त्यांनी ते बेसमेंटच्या सिंकमध्ये हाताने धुतले. तोवर पाठ मोडून आलेली. वाळवायचे कुठे? नागपूरला मेच्या उन्हात गच्चीवर टाकले असते तर चहा होईपर्यंत वाळले असते. ऊन इथेही रणरणत होतं, पण इथल्या एचओएवाल्यांना, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीला, बाहेर वाळत घातलेलं काही चालत नाही. मागे एकदा ईश्वररावांनी कठड्यावर पंचा टाकला होता, तर तिसऱ्या दिवशी उपासनाला नोटीस आली. माणसाने कठड्यावर पंचा टाकायचा नाही, असल्या नियमाला काय म्हणावं! तेव्हा त्यांनी पॅड कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये घातले. उष्णता चालत नाही हे त्यांना माहीत होतं. पॅडच्या पाठीला, यंत्रावर घट्ट बसावा म्हणून, वेल्क्रो डिंकाने चिकटवलेला असतो, तो सुटतो. पाच मिनिटांत बाहेर काढू, असं म्हणून ते सोफ्यावर टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. जागे झाले तोवर ड्रायर थांबला होता. स्पंज एकीकडे, वेल्क्रो एकीकडे. त्यांनी ते सगळं गुपचूप पिशवीत भरलं आणि पिशवी पलंगाखाली सारली. ड्रायरच्या आत काय चिकटलंय ते बघायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतलेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत येणार. मलाही बोलावलं होतं. मी सकाळी त्यांच्याकडे पोचले तेव्हा खिरीचा घमघमाट दारापर्यंत आला होता आणि आतून उपासनाचा आवाज येत होता.

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

ती लॉन्ड्री रूममध्ये उभी होती. तिने पहाटे सगळ्यांचे पांढरे कपडे ड्रायरमध्ये टाकले होते, आत न बघता. आता तिच्या हातात अनयाचा कुर्ता होता. त्यावर पिवळट डिंकाचे डाग आणि निळ्या स्पंजाचा भुगा. बाकीच्या कपड्यांचीही तीच गत.

ईश्वररावांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग तिच्या हातातून कुर्ता घेतला, सिंकचा नळ सोडला आणि ब्रशने घासायला लागले.

"बाबा, राहू द्या. निघणार नाही ते."

ते घासतच होते.

"बाबा, सोडा ना! आपण दुसरं काहीतरी घालू. आणि त्या दुकानात आता जायचं नाही. कशाला करता तुम्ही हे? काय कमी आहे तुम्हाला इथे?"

ब्रश थांबला. पाठमोरेच ते म्हणाले, "मला वापस जायचं आहे, बेटा."

"जाऊ या ना. दिवाळीत बघू. अनयाला सुट्टी..."

"कायमचं. जूनचा इंटरव्ह्यू मला द्यायचा नाही."

मी दारातच उभी. पुढेही जाता येईना, मागेही होता येईना. उपासनाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला आधीपासून ठाऊक होतं हे तिला तेवढ्यात कळलं.

"आईच्या वेळी मी विमानात होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर मी परत तशीच येऊ? परत एअरपोर्टवरच कळू दे का मला?"

"म्हणजे मी मरेन तेव्हा तू जवळ असावी, म्हणून मी इथं राहायचं." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ते फक्त फार दमलेले वाटत होते. "राहतो. पण तोवर काय करू, ते सांग."

उपासना विचार करत होती. खरोखर उत्तर शोधत होती, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बागकाम, लायब्ररी, मंडळ, हे सगळं तिने मागेच सुचवून झालं होतं. तिने नळ बंद केला. मग बापाचे ते सुरकुतलेले, ओले हात आपल्या ओढणीने एकेक करून पुसले. तिने ते हात नीट बघितले ते बहुधा तेव्हाच.

"इंटरव्ह्यू कॅन्सल करते," ती म्हणाली. खिशातून फोन काढला. "तिकीट बघते. वन-वे ना?"

ईश्वररावांनी मान हलवली. आणि मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज काढून. दोन वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं.

"रडू नका ना बाबा," उपासना म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तुम्हालाच जायचंय ना?"

"हो," ते म्हणाले. "मलाच जायचं आहे." आणि रडत राहिले.