अण्णांचं मशीन आणि माझी डिस्क

वडिलांच्या कानातलं धडधाकट मशीन मी हात न लावता, नुसत्या एका शब्दानं बिघडवलं. तो शब्द ‘नाही’. मी मुळात कमी बोलतो. पण तेवढ्यातही पुरेसं नुकसान होतं, असा घरच्यांचा अनुभव आहे.

त्याचं असं झालं. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं, नेहानं, बुलढाण्याच्या घरी राउटरला एक डबा जोडून दिला. आत दोन हार्डडिस्क. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात. एकीवर जे, तेच दुसरीवर. थोडक्यात, फोटोंची कोठी! पण त्यातला खरा ऐवज म्हणजे आईचा आवाज. आई असताना नेहाला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची. निरोप म्हणजे मुख्यतः अण्णांच्या तक्रारी. ‘तुहा आजा आजबी गोळी न घेता बाहीर गेला व माय!’ आई गेल्यापासून अण्णा रोज दुपारच्या चहानंतर कानात मशीन घालून टीव्हीवर हे लावून घेत, आणि स्वतःचा उद्धार मन लावून ऐकत.

त्यातली एक डिस्क गेली. नेहानं फोनवर मॉडेल नंबर लिहून घ्यायला लावला.

‘पप्पा, हीच आणा. डब्याच्या कंपनीच्या यादीबाहेरची नको.’

मी ‘हो’ म्हणालो आणि शेगावला गेलो. तिथं बायकोच्या मावसभावाचं दुकान आहे. आता सोयऱ्याचं दुकान ओलांडून दुसरीकडे खरेदी केली, तर पुढच्या लग्नात आपल्याला पंगतीत आग्रह कोण करणार?

‘भाऊजी, तो नंबर नाही आपल्याकडे. ही सीसीटीव्ही कॅमेऱ्याची डिस्क न्या,’ तो म्हणाला. ‘चोर सांभाळते, तुमचे फोटो नाही सांभाळणार का?’

मुद्दा अगदी बिनतोड! घरी येऊन डिस्क बसवली आणि नेहाला कळवलं, ‘तीच आणली.’ (हे पहिलं पाप.)

डब्याला मात्र सोयरीक मान्य नव्हती. ‘ही डिस्क चालणार नाही,’ असं मोबाइलच्या स्क्रीनवर आलं. मी ‘ठीक आहे’ दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. पुन्हा दाबलं. मग डब्यावर नारिंगी दिवा लागला. बायकोच्या आरशावरची टिकली काढून मी त्यावर चिकटवली. दिवा गायब! दुरुस्ती इतकी सोपी असताना लोक इंजिनिअर कशाला होतात, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी डबा बोंबलायला लागला. पिप्!

‘हे काय वाजून राह्यलं हो?’ शाळेत शिकवायला निघालेल्या सुनंदानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

‘इन्व्हर्टर असेल.’

तिनं इन्व्हर्टरवाला बोलावला. तो बॅटरीत पाणी भरून, चहा पिऊन गेला. पिप्!

दुपारी अण्णा कानाशी हात नेऊन म्हणाले, ‘काऊन बे, तुले काही वाजल्यासारखं ऐकू येऊन राह्यलं का?’

नेमकं तेव्हाच... पिप्!

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मंग माह्या मशीनीतच वाजते.’

तिथंच बोलायला हवं होतं. मी त्यांना कानाच्या मशीनवाल्याकडे घेऊन गेलो. (वरून ‘मुलगा किती काळजी घेतो’ असं ऐकूनही घेतलं!) त्यानं सेल बदलला, मशीन पुसलं, तपासलं. ‘एकदम ओके!’

‘अठी नाही वाजत. घरी गेलं की वाजते,’ अण्णा म्हणाले.

‘मग आजोबा, मशीनमध्ये नाही, डोक्यात वाजत असेल.’

तो हसला. अण्णा नाही हसले. घरी येताच त्यांनी मशीन डबीत घालून डबी कपाटात ठेवली. दुपारचा चहा झाला तरी टीव्हीकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सुनंदाला म्हणाले, ‘माहं डोकं जाऊन राह्यलं वाटते.’

मी ताटावरून उठलो. मी नेहाला फोन लावला आणि सगळं ओकलो.

‘पप्पा! म्हणजे आजीचा आवाज सध्या एकाच डिस्कवर आहे? ती गेली असती तर?’

तिनं पुण्यात बसूनच आधी सगळ्याची कॉपी काढून घेतली. मग सेटिंगमधली कुठलीशी टिक काढली आणि बीप थांबली. एवढंच! ‘योग्य डिस्क मी पाठवते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही फक्त आजोबांना खरं सांगा. आत्ता!’

अण्णा ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, ‘अण्णा, माझं चुकलं. मशीन चांगलं आहे.’

‘आं? मोठ्यानं बोल.’

‘तो डबा वाजत होता!’

‘आं?’

‘मला ऐकू येत होतं! मी खोटं बोललो!’ मी ओरडलो. समोरच्या काकू गच्चीवर धुणं टाकायच्या थांबल्या.

‘काऊन?’

‘शेगावच्या सोयऱ्याकडून भलतीच डिस्क आणली म्हणून!’ मी बेंबीच्या देठापासून किंचाळलो. फाटकात सुनंदा पिशवी घेऊन उभी होती. तिचाच मावसभाऊ! चार घरांतली माणसं बाहेर आली.

‘कबूल केलं हो त्यानं!’ काकूंनी गच्चीवरून मागच्या गल्लीलाही कळवलं.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘तुहे ओठ पाहून पहिल्यांदाच समजलं होतं बे. म्हटलं, पोरगा कधी नव्हे ते खरं बोलून राह्यला, तर गल्लीलेबी ऐकू दे!’

मग उठून त्यांनी मशीन कानात घातलं आणि टीव्ही लावायला सांगितला. आत आईनं त्यांना झापायला सुरुवात केली, आणि ते खुर्चीत ऐसपैस टेकले.

माझं म्हणाल, तर आता आमच्या गल्लीत कुणाच्याही घरात काहीही वाजलं, अगदी कुकरची शिट्टी झाली तरी, लोक आधी माझ्याकडे बघतात!