पळस नसलेलं प्रदर्शन

ओल्या वाळ्याच्या पडद्याचा वास आला की मला चांद्याची, म्हणजे आताच्या चंद्रपूरची, ती जुनी हवेली आठवते. जमीनदारी नुकतीच गेली होती, आणि जमीनदारांच्या सूनबाईंनी स्वतः काढलेल्या फुलांच्या फोटोंचं प्रदर्शन गावातल्या बायकांसाठी तिथे मांडलं होतं. मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यातून आत्या मला मुद्दाम घेऊन आली होती. थंडगार दिवाणखान्यात गुलाब, मोगरा, जास्वंद असे काळेपांढरे फोटो टांगले होते. पाकळीवरचा थेंबही दिसत होता. सगळं पाहून आत्या सूनबाईंना म्हणाली, "लय सुंदर आहे बाई, पण पळस काऊन नाई?" त्या हसल्या. "आंगणातलीच फुलं काढली मी. लग्न झाल्यापासून पडद्याच्या गाडीतूनच गेली-आली. जंगल पाह्यलंच नाई." आणि गावाच्या चहूकडे तर जंगलच होतं. आत्या म्हणाली, "आता जमीनदारीच नाई राह्यली, मंग पडदा कायले? या आमच्या घरी." त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण पुढच्याच आठवड्यात त्यांची बैलगाडी आमच्या दारात उभी राहिली. आत्यानं त्यांना शेतामागच्या रानात नेलं. फुललेल्या पळसाखाली त्या गळ्यात कॅमेरा असूनही कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. डोक्यावरून घसरलेला पदरही त्यांनी सावरला नाही. मी म्हटलं, "फोटो काढा ना!" त्या म्हणाल्या, "थांब पोरी, आधी पाहून तर घेऊ दे." पाहता पाहता ऊन उतरलं आणि फोटो राहूनच गेला. तेव्हा मला त्याची फार चुटपुट लागली होती. आता लागत नाही.