मालनताईंच्या घरची पंगत

महिना होत आला. आजऱ्यातल्या आमच्या काजू कारखान्याच्या गेटवरच कळलं, मालनताई झोपेतच गेल्या... आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसून काजू निवडणारी बाई. रंजना आणि सुशीला गळ्यात गळा घालून रडल्या. या दोघी मालनताईंमुळे एकमेकींशी बोलत होत्या.

मागे त्यांचं मोठं बिनसलं होतं. सुशीला मुद्दाम आपल्या अख्ख्या काजूच्या ट्रेमध्ये फुटका तुकडा टाकते, असं रंजना रोज मालनताईंच्या कानाशी लागून सांगायची. एके दिवशी ताईंनी दोघींना समोरासमोर बसवलं. "मला काय सांगतीस? ती बसल्या न्हवं पुढ्यात, तिला इचार." आरडाओरडा झाला, आयामाया निघाल्या. ताई मधे पडल्या नाहीत. शेवटी सुशीलाच हुंदके देत म्हणाली, "दिसत न्हाय गं मला नीट. सांगितलं तर कामावरनं काढतील." रंजनानं उठून आपली खिडकीजवळची जागा सुशीलाला दिली. पुढं रजा टाकून ताईच सुशीलाला कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या.

पुण्यानुमोदनाला आम्ही सगळ्या बौद्धवाड्यात, ताईंच्या घरी गेलो. फोटोला फुलं वाहिली, पुन्हा रडारड झाली. मग अंगणात पंगत मांडली, तशी रंजनाला एसटीची आठवण झाली. सुशीला पदर सावरत म्हणाली, "माझा शनवार हाय."

त्या दिवशी रविवार होता.

एकेक करून सगळ्या उठल्या. चष्म्याच्या काचा पुसत सुशीलाही गेली. मला त्यांची किळस आली. मी एकटीच पानावर बसले. ताईंचे मालक वाढायला आले. माझी मान वर होईना.

"जेवा वैनी," ते म्हणाले. "तिला ठाव हुतं समदं. डब्यात जादा भाकऱ्या न्यायची, कुणीतरी मागंल म्हणून. तुमीच तेवढं खायचा. उरल्याल्या सांजंला म्हशीला..."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रंजनानं हळूच विचारलं, "जेवलीस व्हय गं तिथं?"

"जेवले. पोटभर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आता दुपारी मी ताईंच्या रिकाम्या स्टुलावर डबा ठेवून जेवते. रंजना भाजी पुढं करते. मी घेत नाही.