तळी उचलायला माणसं

ग्वाल्हेरचं घर सोडताना मी रडले नाही. रडायला फुरसतच नव्हती. संजूने ऑटो दारात आणून उभा केला होता आणि मी पाटा बरोबर घ्यायचा म्हणून अडून बसले होते. "आई, पुण्यात मिक्सर आहे, पाटा कशाला घेऊन राहिलीस?" संजू वैतागून म्हणाला. ऑटोवाल्याने एकदा पाट्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, या तो पत्थर बैठेगा या आप." पाटा राहिला, मी बसले. शेजारची रामश्री फाटकाशी उभी होती. तिची आणि माझी भिंत एक, इतक्या वर्षांचं भांडणही एक. तिने फक्त विचारलं, "काकी, गैस बंद करी?" मी म्हटलं, करी. ऑटो सुटला.

इथून पुण्याला, इंदूरला, परदेशात गेलेल्यांसाठी आणि इथेच राहिलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे. दोन्हीकडच्यांनी मला एकच सांगितलं होतं, की थोड्या दिवसांत रुळशील. तसं झालं नाही. कसं झालं ते सांगते.

त्याआधी मी एकदाच घर सोडलं होतं, लग्नात. माहेर किला गेटला, सासर बिरला नगरला. घोडा घामाघूम होण्याआधी टांगा पोचत असे, पण आईने निरोप असा दिला की मी जणू समुद्रापार चालले. "रोज रोज पळत येऊ नकोस, आणि तिथे कुणी बोललं तर बसून ऐकू नकोस," असं तिने बजावलं होतं. पहिलं मी पाळलं नाही. दुसरं आजपर्यंत पाळते आहे.

संजूचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी आमच्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून उठली. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी नागपूरला. आम्ही राहिलो, कारण दोन खोल्यांचं हे घर ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. ते गेल्यावर संजू म्हणाला, "आई, एकटी राहू नको. घर विकून टाकू, तू माझ्याकडे चल." मी त्याला म्हटलं, मी येते, पण घराला आत्ता हात लावू नको. चंपाषष्ठी तुझ्याकडे करून बघते. देव तिथे बसले, तर मीही बसले असं समज. मग जिथे म्हणशील तिथे सही करीन. संजू हसला. "एवढंच ना? आई, ते तर महाराष्ट्र आहे, आपले सगळे तिथलेच." मलाही ते पटलं होतं. पिशवीत टाक घेतले, टाक म्हणजे आमच्या कुळदेवाच्या चांदीच्या छोट्या प्रतिमा, आणि उन्हाळ्यात आम्ही निघालो.

पुण्यात मला कुणी वाईट वागवलं असं नाही. सून, मेघा, गोड बोलते. तेच जड गेलं. "आई, तुम्ही बसा ना," हे ती सकाळपासून म्हणायची. भांडी बाई घासते, कपडे मशीन धुतं, पोळ्या दुसरी बाई करते. मी हॉलमधून गॅलरीत जायची, गॅलरीतून हॉलमध्ये यायची. खाली उतरून बिल्डिंगला फेरी मारून वर यायची आणि लिफ्टमधून पुन्हा खाली. बिरला नगरात मी दुपारी भिंतीवरून ओरडले, "रामश्री, धनिया है?" तर तिकडून कोथिंबीर यायची, नाहीतर शिवी यायची. इथे भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला दिवाळीपर्यंत कळलं नाही. मी बोलले की लोक कौतुकाने हसायचे. "आजी, तुमचं मराठी किती वेगळं आहे," म्हणायचे. मी मनात म्हणायची, अरे, तुम्ही वेगळे आहात, मी तर जशी होते तशीच आहे.

संजूने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरला सांगितलं, "आई सारखी फिरत असते, एका जागी टिकत नाही." डॉक्टरने मला विचारलं, "आजी, कसली काळजी वाटते?" मी म्हटलं, काळजी नाही, काम नाही. त्याने गोळी लिहून दिली. गोळी खाल्ली की मी सोफ्यावर बसून राहायची, आणि घरात सगळ्यांना बरं वाटायचं. काही दिवसांनी मला स्वतःचीच भीती वाटली. मेघा विचारायची, जेवलात का, तर मला आठवायला लागायचं. मी गोळी बंद केली आणि पुन्हा फिरायला लागले.

मग मार्गशीर्ष लागला. चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा म्हणजे हळद, मध्ये नारळ. पाच पुरुष मिळून ते ताम्हण उचलतात आणि येळकोट करतात. नैवेद्याला भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. संजूच्या वडिलांचे पूर्वज फौजेबरोबर दक्खनेतून ग्वाल्हेरला आले. तलवारी कधीच गेल्या, तळी तेवढी राहिली. गल्लीत मराठी माणसं होती तोवर पाच पुरुष सहज जमायचे. ती गेल्यावर हे दारात उभे राहून हाक मारायचे, "बाबूलाल, आ जा, देवता खड़े हैं." रामश्रीचा नवरा बाबूलाल, त्याचे दोन भाऊ, समोरचा कुणी, असे जमायचे. येळकोट म्हणता यायचं नाही, पण घसा खणखणीत. बाबूलाल दरवर्षी विचारायचा, "भाभी, वो बैंगन वाला दिन कब है?" त्याच्या दृष्टीने खंडोबा म्हणजे वांगी.

संजूकडे त्या दिवशी मी पहाटे उठून सगळं मांडलं. संजू एक पुरुष झाला. उरलेले चार आणायचे होते. मला वाटलं, ही बिल्डिंग आठ मजल्यांची, सगळी मराठी. इथे चार माणसं म्हणजे काय. हाताला भंडारा लागलेला, तशीच उठले आणि बाजूची बेल वाजवली. हाफ पँटमधल्या माणसाने दार उघडलं. मी म्हटलं, "तळी उचलायची आहे, चला, दोन मिनिटांचं काम आहे." तो म्हणाला, "आजी, कुणाला काय झालं?" त्याला वाटलं, घरात कुणी पडलंय आणि उचलायला माणसं पाहिजेत. मी समजावलं. तो म्हणाला, आम्ही हे करत नाही. वरच्या मजल्यावर एकाने सांगितलं, "आजी, गुरुजी ऑनलाइन मिळतात, मी मेघाताईंना नंबर पाठवतो." एकीने साखळी लावूनच बघितलं आणि दार लावलं. एक म्हातारा खरंच निघाला होता, टोपीसुद्धा घातली, पण आतून त्याच्या मुलाने विचारलं, "बाबा, ओळखता का त्यांना?" आणि त्याने टोपी काढून ठेवली. मी सगळे मजले फिरले. दारांच्या बेलांवर माझी पिवळी बोटं उमटली.

खाली आले तोवर संजूचा फोन वाजून वाजून तापला होता. बिल्डिंगच्या ग्रुपवर लोकांनी लिहिलं होतं, एक वृद्ध महिला भटकते आहे, घरच्यांनी लक्ष द्यावं. कुणीतरी फोटोही टाकला होता. मेघा ओल्या फडक्याने बेल पुसायला गेली. माझ्यावर एक शब्द चिडली नाही. संजूने दार आतून लावलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आई, इथे असं नसतं. सांगितलं असतंस तर मी मित्रांना विकेंडला बोलावलं असतं."

"खंडोबा विकेंडला येतो का?"

"मग मी काय करू? माझी मीटिंग आहे आत्ता."

"मीटिंग कर. ते दार आधी उघड."

"तू परत निघून जाशील."

"जाईन. मी भटकत नव्हते, संजू. मी माणसं बोलवत होते. तुला दोन्हींतला फरक कळत नसेल तर मला तुझी भीती वाटते."

त्याने दार उघडलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. तळी तशीच राहिली. दुपारी मी नारळ फोडला आणि चटणी केली, वाया कशाला घालवायचा. रात्रीच्या जेवणाला संजूला सांगितलं, सही होणार नाही, तिकीट काढ. तो म्हणाला, "तिथे आता आहे कोण तुझं?" मी म्हटलं, कोण आहे ते माहीत नाही, पण कुणाची बेल वाजवावी लागत नाही. मेघा ताटातलं भरीत बोटाने सरकवत होती. ती हळूच म्हणाली, "आई, आमचं काय चुकलं?" मी खरं तेच सांगितलं. काही चुकलं नाही. मी तुमच्याकडे बसून राहिले तर चांगली म्हातारी होईन, आणि मला ते व्हायचं नाही. तिला ते लागलं असणार. मी शब्द परत घेतला नाही.

परतले तेव्हा गल्लीत कुणी हार घेऊन उभं नव्हतं. रामश्रीने माझ्या ओट्यावर मुलाची स्कूटर लावून ठेवली होती आणि जाळीवर वड्या वाळत घातल्या होत्या. मला पाहून म्हणाली, "आ गईं? अब स्कूटर कहाँ धरें?" मी म्हटलं, अपने सर पे. तिने स्कूटर काढली, वड्या मात्र सुकेपर्यंत तिथेच राहिल्या.

इथेही सगळं पूर्वीसारखं नव्हतं. बाबूलालच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, त्याचे भाऊ मुरैन्याला गेले होते. पुढच्या चंपाषष्ठीला मी ताम्हण भरलं आणि मोजायला लागले. बाबूलाल खुर्चीत, त्याचा मुलगा उभा. तिसरा पुरुष नाही. पुण्याहून संजूला बोलवायला माझी जीभ रेटली नाही. रामश्री पदराला हात पुसत दारात आली. "हम उठा लें?"

"औरतें नहीं उठातीं."

"किसने कही?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि एकही नाव सुचलं नाही. सासू म्हणायची, तिला तिची सासू म्हणायची. पुण्यात मी आठ मजल्यांवर अनोळखी पुरुषांच्या हातापाया पडले होते, आणि हात धरणारी बाई इथे भिंतीपलीकडे होती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "हात धो के आ," मी म्हटलं. ती म्हणाली, "धुले हैं, आप अपने देखो." ती, तिची सून, मी, मुलगा, आणि खुर्चीतून एका हाताने बाबूलाल. ताम्हण एका बाजूला कललं, सुपाऱ्या घरंगळल्या. बाबूलालला बोलता येत नाही नीट, पण येळकोटच्या वेळी त्याने जो आवाज काढला तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला. सून हसायला लागली, मग मीही. खंडोबा कोपला असेल तर त्याने मला अजून कळवलेलं नाही.

संजू मध्ये बरेच दिवस बोलला नाही. आता बोलतो. घराचं विचारत नाही. मी तळीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "बायकांनी उचलली? मग मेघालाही..." मी म्हटलं, हो, मलाही तेव्हा सुचलं नाही.

इथे येऊन माझा जीव शांत झाला असं समजू नका. दुपारी अजूनही बसवत नाही. टेम्पोने फूलबागेला जाते, बाकावर टेकते, लगेच उठते, दुसऱ्या टेम्पोने परत येते. ही माझी जातच अशी, ती पुण्याने लावलेली नाही आणि ग्वाल्हेरने जाणार नाही. म्हणून गेलेल्यांनो, तुम्हाला परत या असं मी म्हणत नाही, आणि राहिलेल्यांनो, तुम्ही जिंकलात असंही नाही.

काल मी मोटर चालू ठेवून विसरले. पाणी रामश्रीच्या अंगणात गेलं. ती भिंतीवरून अशी ओरडली की चौकातला माणूस थांबला. "काकी, मरना है तो अपने घर में मरो, हमें काहे डुबा रहीं?" मीही तिला सोडलं नाही. दोघींना दम लागेपर्यंत चाललं. मग मी मोटर बंद केली आणि चहा ठेवला. चहा पिताना जाणवलं, कुणी माझा फोटो काढला नव्हता, मुलाला फोन केला नव्हता. जे काही बोलायचं ते मला बोलली, माझ्या तोंडावर. माझ्यासाठी आता घर म्हणतात ते एवढंच.