शेठच्या वजनाला रुई दबेना

शेठ फळीवर चढले आणि फळी जेमतेम बोटभर खाली गेली. सगळ्यांत आधी चढलेल्या वानखडे फिटरांनी तीच फळी हातभर खाली नेली होती. वानखडे अंगाने काटकुळे. शेठ फॅक्टरीतले सगळ्यांत वजनदार, दोन्ही अर्थांनी. फळीवरूनच त्यांनी मला विचारलं, "काऊन हो इंजिनेर साहेब, माह्या वजनाचं झालं काय?"

माझी नोकरी अजून कच्ची होती.

शेगावजवळची ही जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावात वीज नवी होती आणि मीही नवाच. प्रेस म्हणजे सरकी काढलेली रुई पेटीत दाबून तिची गाठ बांधणारं यंत्र. ते वाफेवर चालायचं, आता त्याला मोटर लावायची होती. ती केवढी घ्यायची, एवढंच मला सांगायचं होतं.

अकोल्याचा मोटरचा एजंट ते आधीच सांगून मोकळा झाला होता. शेवटी लागणारा जोर घ्यायचा, त्याला पूर्ण अंतराने गुणायचं, झालं काम, म्हणजे मोटर मोठीच हवी. बळ गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे आपण शाळेत घोकतो. पण बळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं असेल तरच ते चालतं. रुई आधी उशीसारखी बसते, शेवटी दगड होते. प्रेसला जोर देणारा पंप आधी भराभर आणि शेवटी सावकाश दाबणारा होता, त्यामुळे मोटरला एकूण कार्य झेपलं की पुरे. लहान मोटरवर भागेल असं मी बोलून बसलो.

शेठ म्हणाले, "ठीक हाय, सिद्ध करा. पन भर हंगामात मोटर अडकली, तं तुमची वळकटी मी सोता टेशनावर पोचवतो."

बदलत्या बळाचं कार्य काढायला अंतराचे बारीक तुकडे करतात. प्रत्येक तुकडा तिथल्या बळाने गुणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. ग्राफ काढला तर ही बेरीज म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ, चौकटी मोजल्या की उत्तर मिळतं. अडचण एवढीच की कुठे किती जोर लागतो ते माहीत हवं, आणि प्रेसवरचा दाबाचा काटा कधीच निकामी झाला होता.

म्हणून वानखड्यांकडून चार बोटं रुंद, कमरेएवढी उंच पेटी करून घेतली. आत मोकळी रुई, वर ठोकळा, त्यावर फळी, बाजूंना आधाराचे बांबू. पेटी अरुंद असल्याने माणसांच्या भारानेही प्रेसएवढा दाब पडणार होता. माणसं काट्यावर तोलायची, एकेक करून आधीच्यांच्या जोडीला फळीवर चढवायची आणि फळी किती उतरली ते मोजायचं.

मुनीमजींनी चढताच बांबूला मिठी मारली.

"बांबू सोडा मुनीमजी, तुमचं वजन तो खातोय."

"सोडतो. पन पडलो तं घरी तुम्ही सांगसान."

शेठ मात्र आपणहून चढले. "मोटर माही हाय, मीबी चढतो." आणि बोटभरच उतरले.

गंमत पाहायला आलेला एजंट हसला. "रुईबी मानूस पाहून दबते शेठ."

मी समजावलं, "शेठ, तुमच्या आधी पाच जणांनी रुई घट्ट केलीय. आता जोर खूप, पण अंतर कमी."

"म्हंजे काम वानखड्यानं जास्त केलं का म्या?"

इथे गप्प बसायचं असतं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि खरं ते सांगितलं, "वानखड्यांनी."

शेठ खाली उतरले, धोतर झटकलं आणि एजंटाकडे वळले. "तुमची मोठीच मोटर लिहा."

माझी वळकटी मला डोळ्यांसमोर दिसली. घाईघाईने म्हणालो, "शेठ, रुई बदलून पुन्हा एकदा करू. या वेळी पहिले तुम्ही."

नवी मोकळी रुई भरली. शेठ चढले आणि फळी वानखड्यांच्या खुणेच्याही बरीच खाली गेली. शेठच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग बाकीचे चढले. वानखडे शेवटी. फळी नावापुरती हलली. सगळे चढल्यावर फळी पोचली मात्र जवळपास पहिल्याच जागी, आणि नवे सगळे बिंदू ग्राफच्या जुन्याच रेषेवर बसले. माझ्यासाठी तो पडताळा होता. शेठसाठी न्याय होता.

"हाव, आता बरोबर आलं तुमचं गणित," शेठ म्हणाले. चौकटी मोजल्या, कार्य एजंटाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघालं आणि लहान मोटर मागवली.

हंगामाची पहिली गाठ दाबताना शेवटी मोटर घरघरली आणि ऑफिसातला बल्ब मंद झाला. मग गाठ बांधून बाहेर आली. त्या हंगामात मोटर एकदाही अडकली नाही आणि मी पक्का झालो.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक इंजिनिअरला मी चौकटी मोजायला शिकवलं. त्याआधी मात्र एकच गोष्ट सांगायचो: मालकाला पहिला चढवा.